करंगळी आणि पुरीचा रस्ता

मला कुठलीही गोष्ट कागदावर मांडल्याशिवाय चैन पडत नाही. रोह्याजवळ धाटावला केमिकल कंपनीत ऑपरेटर म्हणून लागलो आणि या खोडीला खतपाणीच मिळालं. दर तासाला तापमान लिहा, दाब लिहा, सही करा, पुढच्या शिफ्टच्या माणसाच्या हातात कागद द्या आणि घरी जा. घरीही मी तसाच. आई म्हणायची, "ह्याला ताट वाढलं तरी आधी यादी करील, मग जेवेल." त्यामुळे आम्ही दोघांनी सायकलवरून देश आडवा ओलांडायचं ठरवलं, तेव्हा वही कुणी आणली हे वेगळं सांगायला नको.

आम्ही दोघं म्हणजे मी आणि पेणचा माझा शाळेतला मित्र. माझे वडील पेणला मास्तर होते तेव्हा आम्ही एका बाकावर बसायचो. दहावीनंतर तो गणपतीच्या कारखान्यात गेला, मी नोकरीपायी रोह्याला आलो. तो मूर्तींचे डोळे काढायचा. पेणमध्ये मूर्ती घडवणारे ढीगभर आहेत, रंगवणारेही आहेत, पण डोळ्यांसाठी हात वेगळाच लागतो. करंगळी मूर्तीच्या गालावर हलकेच टेकवायची, तिच्या आधारानं पंजा स्थिर करायचा, श्वास रोखायचा आणि ब्रश एकदाच फिरवायचा. चुकलं तर अख्खा चेहरा पुन्हा रंगवायचा. त्या कारखान्यातल्या मोठ्या मूर्तींच्या डोळ्यांना मालक दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. त्याचं घर त्या हातावर चालायचं आणि त्या हाताचा त्याला अभिमानही होता, उगाच नाही म्हणणार.

बेत मात्र त्याचा. गोष्ट ऐंशीच्या दशकातली. श्रावणात मी आमच्या घरची मूर्ती सांगून ठेवायला कारखान्यात गेलो होतो. दाराशी ट्रक लागला होता आणि पेंढा अंथरून एकेक मूर्ती आत चढवली जात होती. तो ब्रश धुता धुता बघत उभा होता.

"चालल्या नागपूरला," तो म्हणाला. "दर साली जातात. डोळं मी काढायचं आनि देस ह्यांनी बघायचा. मी पनवेलच्या फुडं गेलो नाय अजून."

मी हसलो. तो हसला नाही.

"सायकलनं जायचं मनात हाय," तो म्हणाला. "ह्या समुद्रापास्नं त्या समुद्रापर्यंत. अलिबागेला पाय भिजवायचं, निघायचं, आनि पुरीला जाऊन भिजवायचं. येतोस?"

मी हो म्हणालो. रोह्याला पोचेपर्यंत माझ्या डोक्यात वहीचे रकाने आखून झाले होते.

पुढच्या दिवाळीनंतर निघायचं ठरलं, कारण दिवाळी ते माघी गणपती एवढाच काय तो त्याला मोकळा श्वास. वर्षभर मी सुट्टीच्या दिवशी पेणला जायचो आणि आम्ही कारखान्याच्या मागच्या पडवीत नकाशा पसरून बसायचो. कुठला रस्ता कसा आहे हे त्या काळी कुणाला विचारणार? ट्रक ड्रायव्हर सांगायचे, पण ट्रकचा खड्डा आणि सायकलचा खड्डा यात फरक असतो. त्यावर त्यानं तोडगा काढला. कारखान्यात खिळ्याला एक तार लटकवलेली होती आणि तिच्यात गावोगावच्या व्यापाऱ्यांची पत्रं ओवलेली होती. माल पोचला, पण अमक्या मूर्तीचं हे तुटलं, तमक्या मूर्तीचं ते दुखावलं, अशा तक्रारी. त्या पत्रांवरून तो रस्ते वाचायचा.

"सोंड गेली म्हंजी मोठं खड्डं," तो सांगायचा. "हाताची बोटं गेली म्हंजी बारीक खडी, गाडी सारखी थरथरती. उंदराचा कान गेला तर सोडून दे, तो हमालाचा हात हाय, रस्त्याचा दोस नाय."

मी गंभीरपणे लिहून घ्यायचो. नगर ते औरंगाबाद, सोंडा तीन. जालन्याच्या पुढे, बोटं. खड्ड्यांसाठी लाल पेन्सिल, खडीसाठी निळी. रायपूरच्या व्यापाऱ्याचं मात्र तारेत एकही तक्रारीचं पत्र नव्हतं. तेव्हा नागपूरच्या पुढचा रस्ता लोण्यासारखा, असं आम्ही ठरवून टाकलं आणि त्या टप्प्यात दिवसाला शंभर किलोमीटर धरले. एक दिवस मालक चहाचा कप घेऊन डोकावले, आमचा नकाशा बघितला आणि पोट धरून हसले. "अरे, रायपूरचा माल कल्याणवरनं रेल्वेनं जातो. रुळाला कसले खड्डे?"

माझा मित्रही इतका हसला की त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी हसलो नाही. मला ती सगळी पानं पुन्हा लिहावी लागली.

तरी तो बेत करण्यात जी मजा होती ती मला नंतर कशातच आली नाही, हे इथंच सांगून टाकतो. वहिनी, म्हणजे त्याची बायको, पोह्यांच्या बश्या घेऊन यायची आणि म्हणायची, "तुमी निघताय का कागदावरच फिरून येताय?" शाळेत असताना आम्ही एका पेन्सिलीवरून भांडायचो, आता दिवसाच्या मुक्कामांवरून भांडत होतो. त्याला प्रत्येक व्यापाऱ्याच्या गावी थांबायचं होतं, आपण डोळे काढलेल्या मूर्ती कुठल्या दुकानात उभ्या राहतात ते बघायला. मला वेळापत्रक पाळायचं होतं. बहुतेक वेळा जिंकायचो मीच, कारण वही माझ्या हातात असायची.

अनंत चतुर्दशी झाली आणि पितृपक्षात सराव करायचा ठरला. तेवढेच पंधरा दिवस त्याला जरा उसंत होती, पुढं नवरात्राच्या देव्या. वहिनीनं तोंड वाकडं केलं. "ह्या पंधरवड्यात कोन निघतं का घरातनं?" हा प्रवास नाही, नुसती तालीम आहे, असं मी समजावलं. पहिल्या दिवशी पेण ते महाड, दुसऱ्या दिवशी महाडहून रोहा.

पावसाळ्यानंतर महामार्ग कसा असतो ते आमच्याकडच्या माणसाला माहीत असतं. त्याचीही तयारी माझ्या मित्रानं केली होती. मूर्ती बळकट व्हावी म्हणून प्लॅस्टरमध्ये नारळाचा काथ्या घालतात. तोच काथ्या त्यानं हँडलच्या दोन्ही मुठींवर जाड गुंडाळला, वर सायकलची जुनी ट्यूब ओढली आणि सुतळीनं करकचून बांधलं. वर्षभर माल पाठवणारा माणूस तो. नाजूक वस्तूला भरपूर गुंडाळलं की ती दुखावत नाही, हे त्याच्या अंगात मुरलेलं. मूठ एवढी जाड झाली की बोटं पुरती मिटत नव्हती. मला ती युक्ती फार आवडली. वहीत मी लिहिलं, 'हँडल, उत्तम.'

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही आमच्या रोह्याच्या घरी पोचलो. अंग ठणकत होतं, पण खूश होतो. आईनं चहा दिला. त्यानं कप दोन्ही हातांनी धरला. मला वाटलं, दमलाय.

घटस्थापनेच्या दोन दिवस आधी मी वेळापत्रकाची स्वच्छ प्रत घेऊन कारखान्यात गेलो. तो देवीच्या मोठ्या मूर्तीसमोर पाटावर बसला होता. एक डोळा झाला होता, दुसरा बाकी होता. देवीच्या गालावर, डोळ्याच्या जरा खाली, ओल्या रंगात एक बोट उमटलं होतं. इतक्या वर्षांत मी त्याच्या मूर्तीवर असा डाग पाहिला नव्हता.

"हे काय?" मी विचारलं.

त्यानं इकडंतिकडं पाहिलं. मालक पुढच्या खोलीत होते. उजवा हात त्यानं माझ्यापुढं धरला आणि डाव्या हातानं करंगळी दाबून दाखवली. "ही माजी नायच असं वाटतं. टेकवली का दाबली, कळत नाय. बाजूचं बोटबी तसंच. तालमीपास्नं." मग घाईघाईनं म्हणाला, "घरी बोलू नको. दिवाळीपातुर येईल जाग्यावर."

मी नाही बोललो. इथं स्वतःला चांगलं म्हणवून घेण्यात अर्थ नाही. त्याची काळजी वाटली हे खरं, पण त्याआधी माझ्या मनात आलं ते हे, की आता बेत मोडतो की काय. वर्षभराची वही, मंजूर झालेली रजा, नवे टायर, सगळं डोळ्यांपुढून गेलं. म्हणून मी मान डोलावली आणि त्या दिवशी वेळापत्रक पिशवीतून बाहेर काढलंच नाही.

रोह्यात आमच्या ओळखीचे एक डॉक्टर होते. सेकंड शिफ्टला जाण्याआधी मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी नीट समजावून सांगितलं. तळव्याच्या कडेनं एक नस जाते, दोन दिवस तिच्यावर शरीराचा भार पडला की बोटं बधिर होतात. मूठ जाड केल्यानं ती जास्तच दाबली गेली. विश्रांती दिली तर महिन्या-दोन महिन्यांत सुधारेल.

"आणि लगेच पंचवीस दिवस सायकल चालवली तर?"

"मग मी हमी देणार नाही," डॉक्टर म्हणाले.

यानंतर माणसानं विचारायला हवा असा प्रश्न म्हणजे, मग काय केलं तर चालवता येईल? तो मी विचारला नाही. हमी नाही म्हटल्यावर माझ्या लेखी प्रकरण बंद झालं होतं. कंपनीत असंच असतं, काटा लाल पट्ट्यात गेला की प्लांट थांबवायचा, चर्चा नंतर.

प्लांट मी थांबवला. त्याला जाऊन खरं सांगितलं असतं तर त्यानं ऐकलं नसतं, असं मी धरून चाललो. म्हणून दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात पेणला गेलो आणि खोटं बोललो. माझ्या शिफ्टला दुसरा माणूस नाही, साहेबांनी रजा नाकारली, यंदा जमत नाही.

पडवीत तो नव्या टायरला आतून खडूची पूड चोळत बसला होता, ट्यूब चिकटू नये म्हणून. त्यानं हात झटकले. मग म्हणाला, "तुज्याबिगर काय मजा नाय." त्यानं टायर भिंतीला टेकवून ठेवला. त्याचा पडलेला चेहरा पाहून मला वाईट वाटलं, पण परत येताना एस.टी.त मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो. मित्राचा हात वाचवला, त्याचं घर वाचवलं आणि त्यासाठी स्वतःची हौस सोडली. एवढा मोठेपणा माझ्या वाट्याला क्वचितच आला होता. दुसऱ्या दिवशी मी मंजूर झालेली रजा परत केली. सेक्शनमधले सगळे माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसे बघत होते.

हात सुधारला. माघी गणपतीचे डोळे त्यानंच काढले. पण आमचं काहीतरी बिनसलं. तो भांडला नाही, टोमणा मारला नाही. मी पेणला गेलो की चहा व्हायचा, कारखान्याच्या गप्पा व्हायच्या, पण नकाशाचं नाव तो काढायचा नाही. मी एकदा म्हणालो, "पुढच्या वर्षी बघू." तो म्हणाला, "बघू." मला वाटलं, हिरमुसलाय, येईल ताळ्यावर. मधेच कधीतरी पडवीतली त्याची सायकल दिसायची, तिच्या मुठींवर काथ्या नव्हता. हँडलही बदललंय असं वाटलं, पण मी विचारलं नाही.

पुढच्या वर्षी भाऊबीज झाल्यावर दोन दिवसांनी फराळाचा डबा घेऊन मी त्याच्याकडे गेलो. वहिनी दारात लाकूडफाटा लावत होती. पडवी रिकामी दिसत होती.

"या भावोजी," ती म्हणाली. "ते नायत. गेले."

"कुठं?"

"पुरीला. काल सकाळी. भाऊबीज व्हईपर्यंत थांबले."

मी डबा हातात धरूनच उभा राहिलो. "एकटा?"

"एकटेच." तिनं माझ्या हातातून डबा घेतला आणि मला बसायला पाट दिला. पाणी आणलं. बाई मुळात मायाळू, त्यामुळे पुढचं वाक्य बोलताना तिला जड गेलं असणार. "तुमाला सांगू नको म्हनाले. तुमी अडवाल म्हनाले."

पाण्याचा पेला मी तसाच खाली ठेवला. तीच पुढं सांगू लागली. माझ्या सेक्शनमधला एक जण माघी गणपतीची मूर्ती सांगायला त्यांच्या कारखान्यात गेला होता आणि बोलता बोलता म्हणाला होता, की तुमचा दोस्त अजब माणूस, साहेबानं दिलेली रजा परत करून आला. म्हणजे नऊ-दहा महिने माझ्या मित्राला सगळं माहीत होतं. त्या नऊ-दहा महिन्यांत मी त्याच्याकडे किती वेळा चहा प्यायलो ते माझं मलाच आठवेना.

"वहिनी, मला त्याच्या हाताची काळजी होती," मी म्हणालो.

"मला नव्हती?" ती म्हणाली.

आवाज चढवला नाही तिनं. "त्या हातावर घर हाय माजं. बोटाचं मला लपवलं व्हतं त्यांनी, तेबी चुकलंच. पन मागाहून सांगितलं, आनि विचारलं, जाऊ का म्हनून. मी दोन दिस बोलले नाय त्यांच्याशी. मंग म्हटलं, आदी डाक्तरला विचारा."

डॉक्टर तेच, रोह्याचे. माझ्याच घरावरून तो दोनदा त्यांच्याकडे जाऊन आला होता आणि माझ्याकडे डोकावला नव्हता. डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं, मूठ बारीक ठेव, हँडल उंच करून घे म्हणजे भार हातावर येणार नाही, तासाला उतर, हात झटक, आणि पंचवीस दिवसांचे चाळीस कर. बोटाला मुंग्या आल्या तर तिथंच थांब आणि रेल्वेनं परत ये. वर्षभर तो दर रविवारी वडखळ, नागोठणं असा फिरत होता आणि घरी आल्यावर पाटीवर डोळे काढून वहिनीला दाखवत होता. रेघ सरळ आली की ती मान हलवायची. असं दोघांनी मिळून ठरवलं होतं.

एवढंच करायचं होतं. एक प्रश्न डॉक्टरांना आणि एक प्रश्न त्याला. दोन्ही विचारले असते तर त्या क्षणी मी घाटाच्या पलीकडे कुठंतरी त्याच्या मागं सायकल हाकत असतो. मी त्याचा हात वाचवायला निघालो होतो आणि हाताच्या मालकालाच विसरलो होतो. मला माझी लाज वाटली. वहिनीनं चहा केला, तो मी प्यायलो आणि खाली मान घालून निघालो.

महिन्यात तिला पाच-सहा पत्रं आली. रोह्याला एकही आलं नाही. मी रविवारी पेणला जायचो आणि ती मला वाचू द्यायची. जालन्याच्या दुकानदारानं दोन दिवस ठेवून घेतलं. नागपुरात त्यानं डोळे काढलेली मूर्ती एका घरात होती, विसर्जन न करता ठेवलेली, ती बघायला लोकांनी त्याला हाताला धरून नेलं. रायपूरच्या अलीकडचा रस्ता सोंड मोडणारा आहे. हे वाक्य त्यानं माझ्यासाठी लिहिलं असावं असं मला वाटलं, पण तसं म्हणायला आधार काही नाही.

मार्गशीर्षात एका दुपारी फर्स्ट शिफ्ट करून मी घरी आलो, तर तो आमच्या ओटीवर आईशी बोलत बसला होता. काळा पडला होता, वाळला होता. सायकल रेल्वेत टाकून परत आला होता. मला बघून उठला नाही, हसलाही नाही. नुसता उजवा हात पुढं केला आणि बोटं एकेक करून मिटली, उघडली. करंगळी सगळ्यांत शेवटी, जराशी उशिरा.

मी सवयीप्रमाणे म्हणालो, "आता महिनाभर ब्रश धरू नकोस."

"परत?" तो म्हणाला.

आई आत गेली. मी त्याच्याशेजारी बसलो. माफी मागायची असं महिनाभर घोकलं होतं, त्यातलं एकही वाक्य आठवेना. म्हणालो, "चुकलो मी."

"व्हय," तो म्हणाला. "हात माजा व्हता रे. नको जाऊ म्हनाला असतास, तर भांडलो असतो. पन बसलो असतो दोघं, काय करायचं ते बघत. तू मला बसूच दिलं नाय."

आईनं चहा आणून ठेवला आणि ती पुन्हा आत गेली. त्याच्याकडे सांगण्यासारखं चाळीस दिवसांचं होतं आणि माझ्यापाशी त्यातलं काहीच नव्हतं. शेवटी मीच विचारलं, "समुद्र कसा होता?"

तो सांगू लागला. पहाटे पोचला होता. तिकडं सूर्य पाण्यातून वर येतो, आपल्यासारखा पाण्यात बुडत नाही, आणि हे माहीत असूनही तो बघून त्याला इतकं नवल वाटलं की सायकल वाळूत आडवी पडली तरी कळलं नाही. लाटा आपल्या इकडच्याहून मोठ्या. पाय भिजवताना त्यानं मागं वळून पाहिलं होतं, मला हाक मारायला. सवयीनं, तो म्हणाला, आणि मग आठवलं की तू नाहीस.

तो आजही पेणला आहे आणि मोठ्या मूर्तींचे डोळे तोच काढतो. आम्ही नंतर पुष्कळ हिंडलो, सायकलवरून गोव्यापर्यंतही गेलो. पुरी मात्र त्याची होऊन गेली होती आणि दुसऱ्यांदा चल म्हणायचं माझ्या जिभेवर कधी आलं नाही. त्या समुद्रात मी अजून पाय भिजवलेले नाहीत.